कात्री घ्यायला जाताना दोरा बरोबर न्या

गिरगावात माझ्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सात-आठ जणी भरतकाम शिकायला येतात. नवी मुलगी आली की रिंग नवी, सुया नव्या, रेशमाच्या लड्या रंगांच्या क्रमाने लावलेल्या, आणि कात्री मात्र ओट्यावरची, दुधाच्या पिशव्या कापायची. "कापते की काकू," असं सांगते. कापते खरी, पण मधोमध कापते. भरतकामात आपलं काम असतं टोकाशी, शेवटच्या 2-3 मिलिमीटरमध्ये. उलट्या बाजूला गाठीजवळचा दोरा कापडाला लागून छाटायचा तो टोकाने. चुकलेला टाका उचलून तोडायचा तोही टोकाने. तेवढी जागा बोथट असेल तर बाकीच्या पात्याला कितीही धार असू दे, आपल्या उपयोगाची नाही.

म्हणून कात्री घ्यायला निघताना पर्समध्ये 2 गोष्टी टाका: लडीतला एक हातभर दोरा आणि ज्यावर काम करता त्या कापडाची चिंधी. भरतकामाची लडी 6 पदरी असते. दुकानात त्यातला एकच पदर वेगळा काढा, दोन बोटांत सैल धरा, ताणू नका, आणि कात्रीच्या अगदी टोकाने कापा. चट्‌कन तुटला तर ठीक. पदर दोन पात्यांमध्ये दुमडून अडकला, म्हणजे कात्री दोरा चावते आहे. ती परत ठेवा. दुकानदार "वापरून वापरून मोकळी होईल" असं सांगेल. टोक वापराने मोकळं होत नाही, बिघडतंच. मग चिंधीवर टोकानेच अर्धा सेंटिमीटरचा काप द्या. शेवटचा तंतू तुटेपर्यंत कापड सरकता कामा नये.

कात्री रिकामी वाजवू नये, घरात भांडणं होतात, असं आई म्हणायची. दुकानातही ती रिकामी वाजवून काही कळत नाही. छान करकर आवाज करणाऱ्या कात्र्या मी दोऱ्यावर नापास होताना पाहिल्या आहेत.

दोरा कापून झाला की कात्री मिटून उजेडाकडे धरा आणि कडेने बघा. दोन पात्यांच्या मधे बारीक फट दिसेल. पुष्कळ जणी ती फट बघून कात्री परत करतात, पण ती हवीच. पाती किंचित बाहेर वाकवलेली असतात, त्यामुळे कापताना ती एका वेळी एकाच बिंदूपाशी एकमेकांना घासतात आणि तो बिंदू स्क्रूपासून टोकाकडे सरकत जातो. टोकाशी मात्र फट चालणार नाही, तिथे पाती टेकलेली हवीत, आणि एक टोक दुसऱ्याच्या पुढे आलेलं नको. शेवटी मिटलेलं टोक कापसाच्या बोळ्यावरून हलकेच ओढा. तंतू अडकले तर धातूचा बारीक काटा उभा आहे. तोच काटा उद्या सॅटिनचा धागा ओढून काढेल.

आता लांबी. दोरे छाटायला एकूण साडेतीन ते 4 इंचांची कात्री पुरते. पाती बारीक असावीत, आणि हे मी अनुभवाने सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या हिरव्या रेशमी ब्लाउजवर साखळी टाक्याची वेल भरत होते. बाहीवर उलट्या बाजूने दोरा छाटताना पात्याची जाडी कापडाखाली गेली आणि कापडाचे 2 धागे तुटले. लग्न 4 दिवसांवर होतं. त्या जागी एक कळी वाढवली, मग दुसऱ्या बाहीवर त्याच जागी तशीच कळी भरावी लागली. रात्रीचे 3 वाजले. त्या कात्रीचं टोक अणकुचीदार होतं, पण मागे लगेच जाड होत जाणारं. तेव्हापासून मी टोकामागचा एक सेंटिमीटर बघते, तो सडपातळ हवा.

करकोच्याच्या आकाराची सोनेरी कात्री सगळ्यांना आवडते. पूर्वी युरोपात सुईणी नाळेला लावायचा चिमटा करकोच्याच्या आकाराचा करत आणि त्यावरून ही कात्री आली, असं सांगतात. दिसायला सुरेख, आणि चांगल्या पोलादाची असेल तर कामालाही उत्तम. पण अंगठा घालून बघा. कड्या फार लहान असतात. एका दुपारी आपण शंभरदा तरी कात्री उचलतो, आणि सांधे दुखणाऱ्या बाईच्या अंगठ्याला अर्ध्या तासात वळ येतो. अशा वेळी मी चिमट्यासारखा स्प्रिंगचा धागाकटर सुचवते. तो तळहातात राहतो, बोटं कड्यांत घालावी लागत नाहीत. बारीक उसवायला मात्र तो चालत नाही.

कटवर्क करणाऱ्यांनी टोकाबाबत अजिबात तडजोड करू नये. काजाच्या टाक्याने नक्षीची कड बांधून झाल्यावर आतलं कापड कापायचं असतं, आणि तिथे एक टाका तुटला की कड उसवत जाते. मी काम उलटं करून, उलट्या बाजूने कापते. मॅटीवर, म्हणजे धागे मोजता येतात अशा ढोबळ विणीच्या कापडावर, धागे मोजून कापायचं काम असेल तर पातं 4 धाग्यांखाली सहज शिरलं पाहिजे. दुकानात चिंधीवर हेही करून बघा. रिंग न काढता मशीनच्या भरतकामातले दोरे छाटायचे असतील तर वाकड्या टोकाची कात्री घ्या, म्हणजे हात रिंगच्या कडेला अडत नाही. अ‍ॅप्लिकसाठी म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार बसवायच्या कामासाठी, एक पातं बदकाच्या चोचीसारखं रुंद असलेली मिळते. ते रुंद पातं खालच्या कापडाला दाबून धरतं, त्यामुळे वरचंच कापड कापलं जातं. महिन्यातून एकदा अ‍ॅप्लिक करणार असाल तर तिच्यावर खर्च करू नका.

डावखुऱ्या मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांच्यावर अन्याय होतो. माझ्याकडे एक जण वर्षभर कुरतडल्यासारखं कापत होती आणि मी तिला "सावकाश काप" एवढंच सांगत राहिले. दोष तिच्या हाताचा नव्हता. उजव्या हाताने कापताना अंगठा आणि बोटं नकळत पात्यांना एकमेकांवर दाबतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती एकमेकांपासून लांब ढकलतो आणि दोरा मधे दुमडतो. शिवाय कापायची जागा पात्याआड जाते. "दोन्ही हातांना चालते" असं लिहिलेल्या पुष्कळ कात्र्यांत फक्त कड्या सारख्या केलेल्या असतात, पाती उजव्याच हाताची राहतात. ओळखायचं असं: टोक स्वतःपासून लांब करून कात्री उघडी धरा. वरचं पातं उजवीकडे असेल तर ती उजव्या हाताची, डावीकडे असेल तर डावखुऱ्यांची. कात्री उलटीपालटी केली तरी हे बदलत नाही. भुलेश्वरच्या जरी-लेसच्या गल्ल्यांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा, पण मुलीला खरी डाव्या हाताची कात्री द्या.

कापडाची कात्री वेगळी, 8 ते 9 इंचांची, खालची कडी वाकवलेली, म्हणजे कापताना कापड टेबलावरून उचललं जात नाही. इथे मेरठची कात्री मला आवडते. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि तिथे भंगारातलं पोलाद वापरून हाताने कात्र्या घडवतात. बिघडल्या तर पुन्हा खोलून नीट करता येतात. रिव्हेटपेक्षा, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यापेक्षा, स्क्रू असलेली घ्या, सैल झाली तर घरी आवळता येते.

तिसरी कात्री जुनीच असू दे. जरीचा दोरा आणि जरदोजीचा दबका हिनेच कापायचा. दबका म्हणजे धातूची बारीक गुंडाळी, तिचे तुकडे चांगल्या कात्रीने केलेत तर टोकाला खाचा पडतात. कागदही याच कात्रीने. माझ्या चांगल्या कात्रीच्या कडीला लाल दोरा बांधलेला आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे की तिला हात लावायचा नाही.

मुंबईत पावसाळ्याचा विचार करूनच पोलाद निवडा. कार्बन स्टीलला धार छान राहते, पण जूनपासून तांबडे ठिपके येतात. स्टेनलेस सांभाळायला सोपी, आणि नवशिकीला मी तीच सांगते. कार्बन स्टीलची घेतलीत तर काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रूपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, दोन-चार वेळा उघडझाप करून तेल पुसून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी तो डाग रेशमावर उतरतो. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. टोकावर फक्त रबरी टोपी घाला आणि औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी डब्यात ठेवा.

टोपी दुसऱ्याही कारणासाठी हवी. कात्री फरशीवर टोकावर पडली की संपली. आणि लोकलमध्ये भरायला बसत असाल तर टोकदार कात्री बाहेर काढूच नका. चर्नी रोड ते बोरिवली बसायला मिळालं की मीही भरते, पण तिथे धागाकटर वापरते. गाडी कधी हिसका देईल सांगता येत नाही आणि शेजारणीची मांडी चार बोटांवर असते.

धार लावायला खाली चाकवाला आला की मोठी कात्री द्या, छोटी देऊ नका. त्याचा दगड बारीक टोकासाठी फार खरबरीत असतो, एका फेरीत टोक 2 मिलिमीटर आखूड होतं. पात्यावर बारीक दाते असलेली, रेशीम न निसटू देणारी कात्रीही देऊ नका, दाते घासून जातात. छोट्या कात्रीसाठी शिंपीदादांना विचारा, ते आपली कात्री कुणाकडे पाठवतात. आणि परत आली की पैसे देण्याआधी तोच एक पदर काढा, सैल धरा, टोकाने कापून बघा.