ऑपरेटिंग सिस्टीम्सचा अभ्यास: आधी टर्मिनल उघडा, मग नोट्स

ओएस विषय आला की बहुतेक जण एकच करतात, मागच्या पाच वर्षांचे पेपर काढायचे, डेडलॉकच्या चार अटी पाठ करायच्या, राउंड रॉबिनची गणितं सोडवायची आणि पेपर टाकून यायचं. पास होता येतं, नाही असं नाही, पण ओरलला एक्स्टर्नलने "फोर्क चाइल्डमध्ये शून्यच का देतो" एवढं विचारलं की गाडी अडते (फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, नक्कल बनवणारा सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलला, ओएसच्या गाभ्याला, काम सांगणारा कॉल; मूळ ती पॅरेंट, नक्कल ती चाइल्ड). मी एक अख्खं सेमिस्टर असंच काढलं आणि नंतर गेटच्या वेळी सगळं पहिल्यापासून करायला लागलं, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

आधी लिनक्स घ्या. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाका, फॉर्मॅट वगैरे मारायची गरज नाही. सी पॉइंटर आणि स्ट्रक्चरपर्यंत यायला हवं, कच्चं असेल तर आठवडाभर फक्त तेच करा, ओएसचं पुस्तक उघडूसुद्धा नका.

मग पहिला प्रोग्राम फोर्कचा. एक व्हेरिएबल घ्या, त्यात ५ ठेवा, फोर्क करा, चाइल्डमध्ये त्याचे ५० करा, पॅरेंटला वेट करायला लावा आणि दोघांकडूनही व्हॅल्यू आणि पत्ता दोन्ही प्रिंट करा. पत्ता शेवटच्या आकड्यापर्यंत सेम दिसेल, आणि व्हॅल्यू एकीकडे ५०, दुसरीकडे ५. इथे थांबा, पुढे पळू नका. एकाच पत्त्यावर दोन वेगळ्या गोष्टी कशा काय असतील? तर तो पत्ता रॅममधला नाहीच, प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल (कुठला पत्ता रॅममध्ये नक्की कुठे आहे ते सांगणारा तक्ता) वेगळं आणि ते त्याच पत्त्याला वेगवेगळ्या फ्रेमवर (रॅमच्या ठराविक आकाराच्या तुकड्यावर) नेऊन सोडतं. फोर्क झाल्या झाल्या दोघं एकच फ्रेम वापरत असतात, कोणीतरी लिहायला गेलं की मग कर्नल कॉपी काढतो, ह्यालाच कॉपी ऑन राइट म्हणतात. व्हर्च्युअल मेमरीचा धडा हे डोळ्यांनी बघितल्यावर वाचा, फार वेगळा वाटतो. आणि त्या ओरलच्या प्रश्नाचं उत्तर असं की चाइल्डला आपला पॅरेंट कोण हे कधीही विचारता येतं, पण पॅरेंटला कितीही मुलं असू शकतात, त्यामुळे नवीन मुलाचा नंबर त्याला फोर्कनेच हातात द्यावा लागतो, आणि शून्य आला की कळतं आपण चाइल्ड आहोत.

पेजिंगची गणितं सूत्राने करू नका, कागदावर बिट मोजा. ३२ बिटांचा पत्ता, ४ केबीचं पेज, म्हणजे १२ बिट ऑफसेटला (पेजच्या आतली जागा सांगायला) गेले, उरले २०, म्हणजे १०,४८,५७६ एंट्री, प्रत्येकी ४ बाइट धरले तर एका प्रोसेसचं नुसतं टेबलच ४ एमबी. शंभर प्रोसेस चालू असतील तर ४०० एमबी टेबलांतच गेले! मल्टिलेव्हल पेज टेबल (टेबलाचे टप्पे पाडून लागेल तेवढाच भाग ठेवणारं) का आलं हे मग कोणी सांगावं लागत नाही.

सिंक्रोनायझेशनवर (एकाच गोष्टीला हात लावणाऱ्यांचा ताळमेळ) सगळ्यात जास्त वेळ घाला, खरंच, माझ्या मते विषयाचा जीव तिथे आहे. दोन थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये, एकच मेमरी वापरत सोबत चालणारी कामं) बनवा, दोघांनी एकच काउंटर दहा-दहा लाख वेळा वाढवायचा. उत्तर वीस लाख यायला हवं, येतं भलतंच काहीतरी, आणि दर वेळी वेगळं. कारण एक वाढवणं म्हणजे मशीनच्या लेखी तीन कामं, वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं, आणि मधेच दुसरा घुसतो. (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा हां, नाहीतर कंपायलर अख्खा लूप गुंडाळून टाकतो, उत्तर बरोबर येतं आणि वाटतं प्रॉब्लेमच नाही.) मग म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) लावा, परत चालवा, किती स्लो झालं तेही बघा.

प्रायॉरिटी इन्व्हर्जन वाचताना मार्स पाथफाइंडर आठवा. १९९७ मध्ये यान मंगळावर उतरलं आणि तिथे सारखं रीसेट व्हायला लागलं, खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कने लॉक धरलेला, वरचा टास्क त्याची वाट बघतोय आणि मधल्या प्रायॉरिटीचा टास्क दोघांना सोडून सीपीयू खातोय. शेवटी पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केलं तेव्हा थांबलं. हे एकदा ऐकलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

शेड्युलिंगमध्ये एकच सांगतो, राउंड रॉबिनमध्ये (प्रोसेसना आळीपाळीने सीपीयूचा ठराविक वेळ, म्हणजे क्वांटम, देतात) क्वांटम संपणं आणि नवीन प्रोसेस येणं एकाच वेळी झालं तर रांगेत आधी कोण, हे तुम्ही काय धरलंय ते उत्तरपत्रिकेत लिहा, बहुतेक ठिकाणी नवीन आलेली आधी धरतात. पेज रिप्लेसमेंटला १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही स्ट्रिंग (कुठली पेजेस क्रमाने मागितली ते) फिफोने (आधी आलेलं पेज आधी बाहेर) हाताने सोडवाच, ३ फ्रेमला ९ फॉल्ट (मागितलेलं पेज फ्रेममध्ये नसणं) आणि ४ फ्रेमला १०, फ्रेम वाढवून फॉल्ट वाढले, हीच बेलाडीची गंमत. डिस्क शेड्युलिंगला एक संध्याकाळ पुरते.

एवढं झालं आणि महिनाभर हातात असेल तर एक्सव्ही६ उतरवा, एमआयटीने शिकवण्यासाठीच लिहिलेली छोटी ओएस आहे, जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली, क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरने नकली मशीन उभं करणारा प्रोग्राम) चालते. पहिल्या ओळीपासून वाचायला बसू नका, दोन दिवसांत सोडून द्याल. एक साधा सिस्टीम कॉल स्वतः घाला, प्रोसेसने आत्तापर्यंत किती सिस्टीम कॉल केले तो आकडा परत देणारा. पाच-सहा फाइलींना हात लावावा लागतो, आणि रिस्क-फाइव्हवाल्या (त्या नावाच्या प्रोसेसर प्रकारासाठीच्या) आवृत्तीत कॉलचा नंबर ए७ रजिस्टरमध्ये बसून ईकॉलने (कर्नलमध्ये शिरायची मशीन सूचना) कर्नलमध्ये कसा जातो आणि उत्तर ए० मधून परत कसं येतं ते तुम्हाला स्वतःच शोधावं लागतं. तो अख्खा रस्ता एका पानावर बाण काढून लिहून ठेवा, यूजर मोड डावीकडे, कर्नल उजवीकडे. ओरलच्या दिवशी सकाळी तेच पान बघा.