व्हीलचेअरवरील रुग्णाला तपासणीसाठी नेण्याची व्यवस्था कशी करावी

अर्धांगवायूचा झटका, खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन, मणक्याची इजा किंवा वयोमानाने आलेला अशक्तपणा, कारण कोणतेही असले तरी घरातील माणूस व्हीलचेअरवर आला की त्याला दवाखान्यात नेण्याआणण्याचा प्रश्न औषधपाण्याइतकाच महत्त्वाचा होतो. हा त्रास नको म्हणून पुढच्या तपासण्या टाळल्या जातात, जखमेचे ड्रेसिंग लांबते आणि गोळ्यांचा डोस महिनोन्महिने जुन्याच चिठ्ठीवर चालू राहतो. बहुतेक घरांत तयारीची सुरुवात गाडी शोधण्यापासून होते. प्रत्यक्षात गाडीतले अंतर हा या प्रवासाचा सर्वांत सोपा भाग असतो. कस लागतो तो पलंगापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत. म्हणून येथे गाडीचा विचार मुद्दाम नंतर घेतला आहे. सर्व माहिती महाराष्ट्रातील शहरे व तालुक्याची गावे डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

१. ही फेरी लागणारच आहे का, ते आधी ठरवावे

डॉक्टरांकडे फोन करून प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तर अनेक डॉक्टर नातेवाइकाला एकट्यानेच येण्यास सांगतात. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या विनामूल्य सेवेवर व्हिडिओद्वारे सल्ला मिळतो. रक्ताचे नमुने घरी येऊन घेणाऱ्या प्रयोगशाळा आणि घरी येणारे फिजिओथेरपिस्ट आता लहान शहरांतही आहेत. जी फेरी टळत नाही, तिच्यात मात्र शक्य तेवढी कामे एकत्र करावीत. एक्स-रे, सोनोग्राफी आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी लागोपाठ ठेवता येईल का, असे स्वागतकक्षात विचारले तर बहुधा व्यवस्था होते. कोणी विचारत नाही म्हणून ती होत नाही, एवढेच.

२. रुग्ण किती उठू-बसू शकतो, हे स्पष्ट करून घ्यावे

यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. ज्याला आधार दिल्यावर क्षणभर उभे राहून वळता येते, तो साध्या मोटारीत बसू शकतो. ज्याला उभे राहता येत नाही, पण पाठीला आधार मिळाला की तासभर बसता येते, त्याच्यासाठी दोन सशक्त मदतनीस तरी हवेत किंवा व्हीलचेअरसकट आत घेणारी रॅम्पची गाडी हवी. ज्याला बसवले की चक्कर येते, मान सावरत नाही किंवा ज्याचे हाड अजून जुळायचे आहे, त्याला झोपवूनच न्यावे लागते, म्हणजे रुग्णवाहिकाच लागते. आपला रुग्ण यांपैकी कोठे बसतो, हे नातेवाइकांच्या अंदाजावर सोडू नये. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून मोटारीत बसवण्याची पद्धत प्रत्यक्ष करून घ्यावी. रुग्णाला स्वतःला कशाची भीती वाटते, तेही त्याच वेळी त्याच्या तोंडून ऐकावे. आपल्याला कोणी उचलणार, ही कल्पना अनेकांना दुखण्यापेक्षाही अवघड वाटते, आणि कोणी कोठे धरायचे हे त्यांना आधी सांगितले तर त्यांचे अंग सैल राहते.

३. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मोजावी

टेप घेऊन चार मापे घ्यावीत: व्हीलचेअरची पूर्ण रुंदी (मोठ्या चाकांच्या बाहेरच्या कड्यांसह), घराचे दार, लिफ्टचे दार आणि लिफ्टची दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची आतली लांबी. घडीची साधी खुर्ची साधारण २४ ते २७ इंच रुंद असते आणि जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये ती अनेकदा अडते. पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या की लांबी बरीच कमी होते, हे लक्षात ठेवावे. तरीही अडचण राहिली तर चारही चाके लहान असलेली अरुंद प्रवासी खुर्ची भाड्याने घ्यावी. वैद्यकीय उपकरणांच्या बहुतेक दुकानांत ती मिळते.

सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी पायऱ्या असतील तर फळी टाकून काम भागवण्याचा मोह होतो. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असा नियम आहे; म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांबीचा उतार लागतो. यापेक्षा उभ्या फळीवरून खुर्ची मागे कलंडते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात इमारती सुगम असण्यावर भर आहे, तेव्हा कायमचा उतार आणि कठडा बसवण्याची मागणी सोसायटीच्या सभेत लेखी मांडावी, आणि ती मांडताना संकोच करू नये. पुढेमागे तो उतार प्रत्येक घराला लागतो.

लिफ्ट नसलेल्या चाळी, वाडे आणि तीन मजली इमारती हा सर्वांत कठीण प्रकार. येथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या खुर्चीचे पाय ऐन जिन्यात फाकतात किंवा मोडतात. हात असलेली दणकट लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्यावी, अथवा व्हीलचेअरच वापरावी. व्हीलचेअर उतरवताना रुग्णाचे तोंड खालच्या दिशेला असावे, खुर्ची मागे कललेली असावी, सर्वांत ताकदवान माणसाने वरच्या बाजूने मुठी धराव्यात आणि दुसऱ्याने खालून मुख्य सांगाडा धरून एकेक पायरी मोजत यावे. निघणारे हात आणि पायपट्ट्या यांना धरून खुर्ची कधीही उचलू नये. रुग्णाच्या कमरेला पट्टा बांधलेला असावा. जिना अरुंद आणि वळणाचा असेल, किंवा रुग्ण वजनदार असेल, तर जिना उतरवण्याची घडीची खुर्ची आणि सराव झालेले दोन कर्मचारी असलेली रुग्णवाहिकाच बोलवावी. त्यासाठी लागणारे जास्तीचे पैसे योग्य जागी खर्च होतात, असे माझे ठाम मत आहे.

४. वाहन निवडावे

मोटारीत बसू शकणाऱ्या रुग्णासाठी सीटची उंची पाहावी. व्हीलचेअरची बैठक आणि गाडीची सीट जवळजवळ एका पातळीत असेल तर सरकणे सोपे जाते, म्हणून वॅगन-आरसारखी उभ्या बांध्याची गाडी बुटक्या सेदानपेक्षा आणि उंच एसयूव्हीपेक्षा बरी. दुसरा प्रश्न डिकीचा. आपल्याकडील बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि डिकीतील टाकीमुळे घडी केलेली व्हीलचेअरही आत मावत नाही. ॲपवरून गाडी मागवली असेल तर चालकाचा फोन येताच पहिला प्रश्न डिकीचाच विचारावा. छतावर कॅरिअर असेल आणि दोरी जवळ असेल तर अडचण येत नाही.

रिक्षा स्वस्त आहे आणि गल्लीत शिरते. मात्र तिच्यात पाय उचलून चढावे लागते, दार नसते, पट्टा नसतो. थोडे चालू शकणाऱ्या रुग्णाला जवळच्या अंतरासाठीच ती ठीक. कंबरेचे किंवा खुब्याचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनी खड्ड्यांच्या रस्त्यावर ती टाळावी.

रॅम्प किंवा हायड्रॉलिक लिफ्ट असलेल्या गाड्या मोठ्या शहरांत काही खासगी सेवा आणि स्वयंसेवी संस्था पुरवतात. त्या मोजक्याच असल्याने तारीख कळताच नोंदणी करावी. अशा गाडीत खुर्चीचे तोंड पुढे असावे, तिचा सांगाडा चार पट्ट्यांनी जमिनीला जखडलेला असावा आणि रुग्णाला गाडीचा वेगळा पट्टा लावलेला असावा. खुर्चीचा स्वतःचा पट्टा फक्त बसण्याचा तोल राखतो. जोराचा ब्रेक लागला तर तो पुरत नाही.

रुग्णवाहिकेबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. महाराष्ट्रात २०१४ पासून चालणारी १०८ ही सेवा विनामूल्य आहे, पण ती आणीबाणीसाठी आहे. ठरलेल्या तपासणीला जाण्यासाठी ती बोलावू नये. १०२ ही प्रामुख्याने गरोदर माता आणि नवजात बालकांसाठी आहे. नियमित तपासणीसाठी खासगी किंवा धर्मादाय संस्थेची साधी रुग्णवाहिका पुरेशी असते. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज व्हेंटिलेटर असलेली महागडी गाडी घेऊ नये, आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ठरवून दिलेले दरपत्रक मागून घ्यावे.

पुणे, नागपूर आणि मुंबईच्या मेट्रोत लिफ्ट, फलाटाच्या पातळीतील डबा आणि व्हीलचेअरसाठी जागा या तिन्ही सोयी आहेत. पुण्यात तर रूबी हॉल क्लिनिक नावाचे स्थानकच आहे. अडचण असते ती घर ते स्थानक आणि स्थानक ते रुग्णालय या दोन तुकड्यांत, म्हणून तेवढा रस्ता आधी स्वतः चालून, तुटलेले पदपथ आणि पायऱ्या पाहून यावे. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, परंतु साध्या बसच्या उंच पायऱ्या व्हीलचेअरवरच्या माणसाला चढता येत नाहीत आणि त्यामुळे अनेकांसाठी ती सवलत कागदावरच राहते, याचे वाईट वाटते.

विदर्भ-मराठवाड्यातून परळच्या टाटा मेमोरियलला किंवा हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत येणाऱ्यांना रेल्वेच सोयीची पडते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपर व थर्ड एसीत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला याच दोन वर्गांत संपूर्ण सवलत आहे. वयोवृद्धांची सवलत २०२० मध्ये थांबवण्यात आली, तेव्हा केवळ वयावर विसंबून हिशेब करू नये. अनेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना रुंद दाराचा दिव्यांग डबा असतो. व्हीलचेअरसाठी रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर किंवा स्थानकाच्या उपस्टेशन अधीक्षकांकडे आधी विचारावे.

५. गाडी ठरवताना सगळे बोलून घ्यावे

रुग्णाचे वजन, खुर्चीचा प्रकार, मजला, लिफ्ट, सोबत किती माणसे, चालक उचलायला हात लावणार का, थांबण्याचे पैसे ताशी किती आणि रद्द केल्यास काय, हे फोनवर विचारून मग त्याच नंबरवर मेसेज करून ठेवावे. वाद होतो तो बहुतेक वेळा थांबण्याच्या पैशांवरून. ओपीडीत दोन तास सहज जातात, म्हणून जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे मिळून एकच भाडे ठरवणे चांगले.

६. रुग्णालयाला आधी कळवावे

एक दिवस आधी फोन करून कोणत्या दाराशी उतार आहे, गाडी तेथे किती वेळ उभी करू देतात, वॉर्डबॉय मिळेल का आणि ओपीडी कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारावे. सरकारी रुग्णालयात एका नातेवाइकाने लवकर जाऊन केसपेपर काढावा, नंबर जवळ आल्यावर घरी फोन करावा आणि मगच रुग्णाला निघू द्यावे; घर जवळ असेल तर रुग्णाचे बाकावरचे तासन्‌तास यामुळे वाचतात. तपासणीचे टेबल खालीवर होते का, हेही विचारावे, कारण उंच टेबलावर चढवता येत नाही म्हणून रुग्णाला खुर्चीतच बसवून वरवर तपासले जाण्याचे प्रसंग येतात.

७. निघण्याच्या दिवशी

निघण्यापूर्वी टायरमधील हवा आणि दोन्ही ब्रेक तपासावेत. पिशवीत जुने रिपोर्ट, दिव्यांगांचे स्वावलंबन कार्ड, औषधांची यादी, एक जोड कपडे, डायपर, अंडरपॅड, पाणी आणि मधुमेही रुग्णासाठी खाऊ असावा. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर त्याची लघवीची पिशवी रिकामी करून घ्यावी आणि प्रवासभर ती मूत्राशयाच्या पातळीखालीच ठेवावी. ती मांडीवर ठेवली तर लघवी उलटी जाऊन संसर्ग होऊ शकतो.

मोटारीत बसवताना सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करावी. खुर्ची दाराशी तिरपी लावून ब्रेक लावावेत, पायपट्ट्या बाजूला कराव्यात. रुग्णाची सशक्त बाजू गाडीकडे असावी. डाव्या दाराने बसताना गाडी उजव्या हाताला येते, त्यामुळे डावे अंग लुळे असलेल्या माणसाला चढणे सोपे आणि उतरणे अवघड जाते. उतरताना जास्त मदत लागेल हे धरून चालावे. आधी पाठमोरे सीटवर टेकवावे, चौकटीला डोके लागू नये म्हणून मध्ये हात धरावा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर वळणे सुलभ होते, पण गाडी सुरू होण्यापूर्वी ती काढून घ्यावी. लुळ्या बाजूचा हात किंवा काख धरून कधीही ओढू नये, त्याने खांदा निखळतो. कमरेचा पट्टाच धरावा.

लांबच्या प्रवासात आणि ओपीडीत थांबलेले असतानाही दर अर्ध्या तासाने रुग्णाला थोडे कलवून बैठकीवरचा भार हलवावा. ज्यांना बैठकीची संवेदना नाही, त्यांना दुखल्याचे कळत नाही आणि जखम मात्र होते.

८. परतीचा प्रवास वेगळा समजावा

सकाळी आधाराने उभा राहिलेला रुग्ण दुपारी तसा उभा राहीलच असे नाही. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, केमोथेरपीनंतर मळमळ होते, भूल दिली असेल तर झापड राहते. म्हणून परतताना एक मदतनीस जास्त धरावा, लगेच उठवण्याची घाई करू नये आणि गाडीत उलटीसाठी पिशवी हाताशी ठेवावी. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागणाऱ्यांनी रोज नवी गाडी शोधण्याऐवजी एकाच विश्वासू चालकाशी महिन्याचे भाडे ठरवावे. चार फेऱ्यांत त्याला जिना, खुर्ची आणि रुग्णाची सवय होते. तो गावाला गेला किंवा गाडी बंद पडली तर कोणाला बोलवायचे, त्या दुसऱ्या चालकाला एकदा घरी बोलावून सगळी पद्धत दाखवून ठेवावी आणि दोघांचे नंबर पलंगाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत, म्हणजे घरी एकटा असलेला रुग्णही स्वतः फोन करू शकेल.