सुरीच्या मुठीला जुन्या धावेचं लोखंड

मी साताऱ्याजवळ स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवतो. पातं आणि मूठ यांच्या मधे बसणारा गार्ड मी शक्यतो घडीव लोखंडाचा (रॉट आयर्नचा) करतो. पात्याला हे लोखंड उपयोगाचं नाही, कारण त्यात कार्बन नसल्यातच जमा, तापवून पाण्यात बुडवलं तरी ते कडक होत नाही. गार्डला धार लागत नाही. तिथं हवी असते ती त्याच्या अंगातली मळी (स्लॅग, लोखंड बनवताना आत राहिलेला काचेसारखा मळ), जी घडवताना लांब धाग्यांसारखी पसरलेली असते.

इंग्लंडात हे लोखंड बनवणारा बोल्टनचा शेवटचा मोठा कारखाना १९७३ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता भंगारातच शोधावं लागतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाची जुनी धाव (चाकावरची लोखंडी पट्टी), जुन्या कठड्यांच्या सळ्या, जहाजाच्या नांगराची साखळी. मात्र सगळ्या धावा तशा नसतात, अलीकडच्या साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) आहेत. करवतीनं तुकडा अर्ध्या जाडीपर्यंत कापा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि वाकवा. ओला बांबू मोडावा तसे धागे सुटले, तर घ्या. कठड्यावर जुना रंग असेल तर भट्टीत घालण्याआधी काढून टाका. त्यात शिसं असू शकतं, आणि तो धूर छातीत जाता कामा नये.

घडवताना तुकडा पिवळाधमक, जवळजवळ पांढरा होऊ द्या. नारिंगीवर आला की हातोडा थांबवा आणि पुन्हा भट्टीत घाला. लाल लोखंडावर घाव घातला की ते धाग्यांच्या बाजूनं उभं चिरतं. चिरलंच, तर सवागी (बोरॅक्स) टाकून पांढऱ्या तापावर हलक्या हातानं परत जोडा.

धाग्याची दिशा कापायच्या आधी ठरवा, नंतर ती बदलत नाही. पट्टीच्या लांबीत कापलेल्या तोंडावर वाहत्या पाण्यासारख्या रेषा येतात. आडव्या छेदावर नुसते ठिपके येतात. मी रेषा पात्याला आडव्या ठेवतो, नजर त्यांच्यावरून पात्याकडे नीट सरकते.

पात्याच्या शेपटीसाठी (मुठीत जाणाऱ्या भागासाठी) खाच छिन्नीनं पाडू नका, चीर पुढे धावते. शेपटीच्या जाडीपेक्षा किंचित लहान ड्रिलनं ओळीत तीन भोकं पाडा आणि बारीक कानशीनं जोडा. दिव्यासमोर धरल्यावर उजेड दिसला नाही, की बसला म्हणायचं.

पॉलिश पेपर १२०, २२०, मग ४००. त्यापुढे जायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात चार भाग पाणी, त्यात एक भाग फेरिक क्लोराइडचं द्रावण. हातमोजे घाला. सुटा गार्ड नायलॉनच्या दोऱ्यानं लटकवा, पातं यात जाऊ नये. दर दहा मिनिटांनी काढून ब्रशनं घासा. लोखंड खाल्लं जातं, मळी तशीच राहते आणि रेषा बोटाला लागू लागतात. मला अर्धा ते एक तास लागतो.

पुढची पायरी मी एकदा घाईत उरकली होती. मळीच्या फटींत द्रावण राहिलं आणि ऐन पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या घरी गार्डमधून तांबडा गंज पाझरला. ती सुरी परत घेऊन मी मूठ नव्यानं बसवून दिली. तेव्हापासून गार्ड खायच्या सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळतो, साध्या पाण्यात पुन्हा उकळतो आणि तव्यावर कोरडा करतो. गरम असतानाच अळशीच्या तेलाचा पातळ हात, दुसऱ्या दिवशी दुसरा. आतल्या बाजूचं तेल पुसून मगच एपॉक्सीनं मूठ बसवतो.