नवी गाडी घेताय? नंबर पडेपर्यंतच तुमचं चालतं, तेवढ्यात काय काय करायचं ते वाचा

एक गोष्ट आधी डोक्यात फिट करून घ्या. शोरूममध्ये जे सर-सर, मॅडम-मॅडम चालतं ना ते गाडी तुमच्या नावावर रजिस्टर होईपर्यंतच. एकदा नंबर पडला की गाडी तुमची, तिच्यावरचा ओरखडा तुमचा, राहिलेली मॅट तुमची कटकट, आणि तोच सेल्सवाला मग "सर मीटिंगमधे आहे, पाच मिनिटांत करतो" म्हणून गायब. म्हणून जे काही भांडायचं, तपासायचं, लिहून घ्यायचं ते सगळं त्याच्या आधी. महाराष्ट्रातला, चारचाकीचा हिशोब धरून सांगतोय, बाहेरच्या राज्यात टॅक्सचे आकडे बदलतील, बाकी नाटक सगळीकडं सेमच.

"ऑन-रोड किती?" एवढंच विचारून थांबू नका

ऑन-रोड हे एक बांधलेलं गाठोडं आहे आणि ते तिथंच टेबलावर सोडायला लावायचं. कोटेशन छापील मागा, प्रत्येक ओळ वेगळी, कागदावर पेनानं खरडलेलं चालणार नाही. समजा पेट्रोल गाडी आहे, एक्स-शोरूम ९,५०,०००. जीएसटी यातच आला, तो वरून वेगळा कोणी लावत असेल तर उठून या. (सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४०, त्यामुळं त्याआधीचं कोणाचं कोटेशन व्हॉट्सॲपवर फिरत आलं असेल तर ते तुलनेला घेऊ नका.) मग रोड टॅक्स. आपल्याकडं स्वतःच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली तर १० लाखापर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्याच्यावर १३, आणि डिझेलला प्रत्येक टप्प्यात २ टक्के जास्त. म्हणजे आपल्या उदाहरणात १,०४,५०० झाले. आता सरकारी फी बघा, रजिस्ट्रेशनचे ६००, लोन असेल तर हायपोथेकेशनचे (गाडीवर बँकेचा बोजा नोंदवायचे) १५००, स्मार्ट कार्डचे २००, आणि थोडंफार किरकोळ. आणि कोटेशनमध्ये काय लिहिलेलं असतं, तर "आरटीओ व इतर" असा एकच गोल आकडा, जो हिशोबापेक्षा सात-आठ हजारांनी सहज जास्त निघतो. विचारलं की म्हणतात एजंटचा खर्च असतो सर. तेव्हा शांतपणे सांगायचं की वाहन पोर्टलची (आरटीओच्या सरकारी वेबसाइटची) पावती द्या, पावतीवर जेवढं आहे तेवढं देतो. बहुतेक वेळा आकडा तिथंच खाली येतो.

"हँडलिंग चार्जेस", "लॉजिस्टिक", "डेपो चार्जेस" अशी कुठलीही ओळ दिसली की खोडायची. एक्स-शोरूम म्हणजेच गाडी शोरूमच्या दारात उभी असतानाचा भाव, मग परत हँडलिंग कसलं? हे ऐकून मॅनेजर येतो, गोड बोलतो, सिस्टीममध्ये कंपल्सरी येतं म्हणतो. त्याला म्हणायचं मग टॅक्स इन्व्हॉइसवर हीच ओळ छापून द्या. गंमत म्हणजे इन्व्हॉइसवर ती छापायला कोणी तयार होत नाही.

एक्स-शोरूम १० लाखाच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्यानं तुमच्याकडून घेऊन सरकारला भरायचा इन्कम टॅक्स) लागतो, तो मात्र खरा आहे, त्यावरून वाद घालू नका. फक्त पॅन नंबर बरोबर दिलाय ना बघा, कारण ती रक्कम इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये तुमच्या नावावर दिसली तरच आयटीआर भरताना टॅक्समध्ये वळती होते किंवा परत मिळते. कित्येक लोक हे पैसे शोरूमला दिलेलेच समजून सोडून देतात.

इन्शुरन्स, म्हणजे खरा मलिदा

शोरूमला गाडीत जेवढं सुटतं त्यापेक्षा त्यांचा जीव इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजमध्ये जास्त अडकलेला असतो, म्हणून इथं सगळ्यात जास्त गळ्यात मारतात. "इन्शुरन्स बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही", "डिस्काउंट जाईल", "वॉरंटीला प्रॉब्लेम येईल" ही तीन वाक्यं तुम्ही ऐकणारच. वॉरंटीचा आणि इन्शुरन्सचा काहीही संबंध नाही. कॅशलेस त्या विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप आहे का यावर असतं, तुम्ही पॉलिसी कुठून काढली यावर नाही. डिस्काउंटचं मात्र खरं असू शकतं, तो डीलर स्वतःच्या खिशातून देत असेल तर तो अडवू शकतो, मग साधा हिशोब मांडायचा की बाहेर किती वाचतात आणि डिस्काउंट किती जातो.

तुलना करताना एकूण प्रीमियम बघू नका, तो फोडा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) एकदमच घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवतं, २०२२ च्या दराप्रमाणं १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि १००० च्या आत ६,५२१, वर जीएसटीचा काय नियम असेल तो. हा भाग कुठल्याही कंपनीत सारखाच. फरक सगळा ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमध्ये (वरून घ्यायची जादा कव्हर). आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, बघा बरं का, नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, ती गुपचूप खाली आणली की प्रीमियम स्वस्त दिसतो. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत) घ्याच, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर बिलाएवढे पैसे) परवडत असेल तर घ्या, टायर कव्हर-चावी कव्हर वगैरे काढून टाकायला सांगा.

आणि जुनी गाडी विकून नवी घेताय का? मग तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दलची सूट) तुमच्याबरोबर येतो, गाडीबरोबर जात नाही. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं लेटर घ्या, नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर अगदी ५० टक्क्यापर्यंत सूट लागते. शोरूममध्ये हे आपण विचारल्याशिवाय कोणी तोंडातून काढत नाही, कारण प्रीमियम कमी झाला की त्यांचं कमिशन कमी.

ॲक्सेसरीजचं थोडक्यात. "बेसिक किट घ्यावंच लागतं सर, त्याशिवाय बिल बनत नाही" हे खोटं आहे. एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी देणार नाही असं म्हणणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये निर्बंधित व्यापार प्रथेत मोडतं. सीट कव्हर, अंडरबॉडी कोटिंग, सिरॅमिक, सगळं बाहेर निम्म्यात होतं. फक्त वायरिंग कापावं लागेल असं काही बाहेरून बसवू नका, तिथं वॉरंटीवाले खरंच हात वर करतात.

तोंडी काही नाही

सेल्समधली पोरं सारखी नोकऱ्या बदलतात, आणि तुमच्या डिलिव्हरीच्या वेळी नवीन जो येतो तो म्हणतो मला याबद्दल काही माहिती नाही सर. म्हणून बोलणं झालं की घरी येऊन त्याच दिवशी असा एक मेसेज टाका आणि शक्य झालं तर मेलही:

"आज ठरल्याप्रमाणं: अमुक मॉडेल, अमुक व्हेरिएंट, पांढरा रंग, चालू वर्षातच बनलेली. कॅश डिस्काउंट २५ हजार, एक्सचेंज बोनस २० हजार. इन्शुरन्स बाहेरून. ॲक्सेसरीज फक्त मॅट आणि मडफ्लॅप. बुकिंगचे ११ हजार, कॅन्सल केल्यास पूर्ण परत. काही चुकलं असेल तर कळवा."

समोरून नुसतं "ओके सर" आलं तरी बास. पैसे कायम डीलरच्या कंपनी खात्यावर, सेल्सवाल्याच्या जीपेवर एक रुपया नाही. कॅश देऊन भाव पाडतो म्हणणारे काका अजून भेटतात, त्यांना सांगा की एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त कॅश घेणं इन्कम टॅक्स कायद्यानं बंद आहे.

आणि बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा, भाव डिलिव्हरीच्या दिवशीचा लागेल असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. म्हणजे वेटिंगमध्ये कंपनीनं भाव वाढवला तर तो तुमच्या डोक्यावर.

वेळेचं बोलायचं तर पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये लग्नघराएवढी गर्दी असते, कोणाला वेळ नसतो, एका मुहूर्तावर पन्नास गाड्या काढायच्या म्हणून तपासणी बोंबलते. उलट पितृपक्षात शोरूम ओस असतं, तेव्हा निवांत बसून भाव करा, बुकिंग करा, आणि डिलिव्हरी हवी तर दसऱ्याला घ्या, पितरांची काही हरकत नसावी.

लोन असेल तर

डीलर टायअपवालं लोन घ्यायला हरकत नाही पण आपल्या बँकेचा रेट आधी हातात असू द्या. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात प्रोसेसिंग फी, मधेच घुसवलेला लोन इन्शुरन्स, सगळं धरून खरा रेट लिहिलेला असतो, तोच बघायचा. आणि महत्त्वाचं, पैसे सुटायची घाई करू देऊ नका. महिनाअखेरचं टार्गेट म्हणून शोरूमवाले बँकेकडून रक्कम उचलून घेतात, गाडी मात्र अजून यार्डातसुद्धा नाही, आणि तुमचं व्याज चालू. आमच्या मेहुण्याच्या बाबतीत हप्ता आधी कापला गेला आणि गाडी नंतर आली. शोरूमवाल्यांना सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) दाखवा, तेवढं पुरतं. डिस्बर्समेंट, म्हणजे बँकेनं पैसे सोडणं, पीडीआय (गाडीची तपासणी, खाली सांगतो) झाल्यावर.

पीडीआय, इथं अजिबात लाजायचं नाही

गाडी ताब्यात घेण्याआधी स्वतः तपासणं म्हणजे पीडीआय. चॅसिस नंबर अलॉट करून मागा आणि म्हणा की मी बघितल्याशिवाय टॅक्स भरू नका, रजिस्ट्रेशन टाकू नका, इन्शुरन्सही काढू नका. "आमची टीम करते सर" म्हणतील, म्हणू दे.

यार्ड शहराबाहेर कुठंतरी असतं, पत्रे ठोकलेलं, धूळ, गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. दिवसा उजेडी जा आणि गाडी धुवून मोकळ्यात काढायला लावा. धुळीच्या थराखाली ओरखडे दिसत नाहीत आणि संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये पेंटचा फरक तर अजिबात नाही. आधी चॅसिस नंबर कागदाशी जुळवा. मग टायर, साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा, पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. चार टायर एका महिन्याचे आणि एकच सहा महिने नवा असेल तर विचारा का. बॉनेट आणि दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघा, त्यांच्यावरचा रंग पाना लागून उडालेला असेल तर ते पार्ट कधीतरी खोललेत. काचांवरचे कोड एकसारखे आहेत का. मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून बघा, ओल किंवा कुबट वास आला तर ती गाडी नकोच म्हणायचं, पावसाळ्यात यार्डात पाणी शिरतं. बॉनेटखाली वायरींवर मोबाइलची टॉर्च मारा, यार्डातले उंदीर ब्रँड बघत नाहीत. किलोमीटर शंभराच्या आत असावेत, तीनशे दिसले तर बहुतेक डेमो गाडी आहे किंवा दुसऱ्या गावाहून चालवत आणलीय. एसी, काचा, सगळे लाइट, कॅमेरा, दोन्ही चाव्या. सगळ्याचा व्हिडिओ काढत फिरा, कोणी काही म्हणत नाही.

कधी बनली हे फॉर्म २१ वर म्हणजे सेल सर्टिफिकेटवर महिना-वर्षासकट असतं. जानेवारीत घेताना हे बघाच, मागच्या वर्षीची गाडी मागच्या वर्षीच्या डिस्काउंटशिवाय घ्यायची नाही, कारण विकताना आरसीवर तेच वर्ष दिसणार.

डिलिव्हरी आणि त्यानंतर

एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, फास्टॅग आपल्याच गाडीच्या नंबरला जोडलाय ना बघा. हार, पेढे, फोटो, टायरखाली लिंबू, सगळं करा हो, पण राहिलेल्या गोष्टींची यादी गेटपासवर लिहून सही घेतल्यावर. दोन-चार दिवसांत कंपनीकडून फीडबॅकचा फोन येतो आणि त्याआधी सेल्सवाला काकुळतीला येऊन "दहापैकी दहा द्या सर" म्हणतो. नंबर पडल्यावर तुमच्या हातात उरलेली ही शेवटची चावी आहे. मडफ्लॅप बसले, रिफंड आला, की मग दहा.

जुनी गाडी एक्सचेंजला दिली असेल तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानं, डीलर ऑथोराइज्ड असेल तर वाहन पोर्टलवर फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद) भरून त्याची पोच घ्या. नाहीतर तुमची गाडी कुठंतरी सिग्नल तोडत फिरते आणि चलन तुमच्या मोबाइलवर.

एवढं करूनही फसवलंच तर आधी जनरल मॅनेजरला मेल, मग कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नंबरसकट, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथंही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन टाकता येतं आणि वकील लागतोच असं नाही. ५० लाखापर्यंतचं प्रकरण जिल्ह्यालाच चालतं. फी दिलेल्या रकमेवर, ५ लाखापर्यंत काही नाही, १० लाखापर्यंत २००, २० लाखापर्यंत ४०० रुपये. सोबत तो व्हॉट्सॲप मेसेज, कोटेशन, वाहनची पावती आणि यार्डातला व्हिडिओ जोडा.