दिवे वाढवण्याआधी छताकडे बघा

ऑफिसात अंधारल्यासारखं वाटलं की पहिला विचार नवीन दिव्यांचा येतो. त्याआधी छत आणि भिंती किती प्रकाश परत फेकतात ते तपासा. ताजा पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० टक्के परतवतो, गडद राखाडी भिंत मात्र बहुतेक सगळा गिळून टाकते. मग दिवे तेवढेच असूनही खोली गुहेसारखी वाटते, आणि उजळ स्क्रीनमागे काळपट भिंत असली की डोळे लवकर थकतात.

ढोबळमानाने छत ७० ते ९० टक्के, भिंती ५० ते ८० आणि फरशी २० ते ४० टक्के प्रकाश परतवणारी असावी. बऱ्याच रंगांच्या शेडकार्डवर हा आकडा 'एलआरव्ही' म्हणून छापलेला असतो. तो नसेल तर लक्समीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं उपकरण, भिंतीला टेकवून खोलीकडे तोंड करून वाचन घ्या. मग तोच भिंतीकडे वळवून हळूहळू मागे न्या, वाचन स्थिरावलं की टिपा. स्वतःची सावली मात्र पडू देऊ नका. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की अंदाज मिळतो.

खर्च एकाच ठिकाणी करायचा असेल तर मी छत निवडेन, विशेषतः दिवे वरच्या दिशेने प्रकाश टाकत असतील तर. रंग मॅटच घ्या. चकचकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब उमटतं आणि ते थेट डोळ्यांत खुपतं. टेबलाच्या काचेचंही तेच. जुन्या छतावर धूळ बसली असेल, तर आधी नुसतं पुसून बघा.