आजीच्या लुगड्याचा कुर्ता शिवायचाय? मग आधी हे करा

जयसिंगपुरात सव्वीस वर्षं शिलाई करतेय. हल्ली मुली आजीचं लुगडं पिशवीत घालून आणतात, "काकू, याचा कुर्ता शिवा, खिशांचा." मी लगेच कात्री उचलत नाही. घरातल्या मोठ्या बाईला घेऊन ये म्हणते.

लुगडं आधी उजेडात धरा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण सगळं धडधाकट नसतं. कासोटा जिथे खोचला जातो आणि बसताना जिथे घासतं, तिथे सूत विरलेलं असतं. मधे आडवी शिवण दिसली तर घाबरू नका, तो दंड आहे. विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडायचे, की लुगडं आणखी काही वर्षं चालायचं. मी दंडाची शिवण उसवत नाही, कुर्त्याच्या पाठीवर येईल अशी बेतते.

इरकल असेल तर लाल पदराचा रंग जातो का पाहा. पांढरं फडकं ओलं करून पदरावर दाबून ठेवा. नंतर रिठ्याच्या थंड पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

आता बेतणं. पोटरीपर्यंतच्या कुर्त्याला अडीच-तीन मीटर पुरतात. पदर कापू नका, त्याची ओढणी होते. आतून मलमलचं अस्तर लावा, पण ते आधी भिजवून आटवून घ्या. सुई ११ नंबरची, टाका जरा मोठा, आणि शिवणीत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, इंचभर ठेवा. जुनं सूत ताण सोसत नाही, कुर्ता अंगासरशी करू नका. खिशाचं तोंड साडेसहा इंच, म्हणजे मोबाइलसकट हात जातो. खिसा अस्तराच्या कापडाचा करा, लुगड्याचं सूत ते ओझं पेलणार नाही. आजी पैसे कनवटीला लावायची, आई ब्लाउजमध्ये ठेवायची. नातीला खिसा हवा, आणि तो मिळालाच पाहिजे.

मोठ्या बाईला विचारायचं ते मापं घेतानाच विचारा. हे कधी घेतलं? कुठे नेसायची? नेसायचं का सोडलं? शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. माझ्या आईने मला सांगितलं की तिने पाचवारी नेसायला सुरुवात केली तेव्हा आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. कासोटा नाही म्हणजे बाई उघडी, असं आजीला वाटे. मी पंजाबी ड्रेस घातला तेव्हा तीच आई म्हणाली, "पदर कुठाय?"

आमच्या ट्रंकेत तळाशी आजीचं हिरवं इरकल होतं, घडीवर घडी. आजोबा गेले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, त्यानंतर हिरवं अंगाला लागलं नाही. बाबा गेल्यावर आईनेही हिरवं सोडलं. मे २०२२ मध्ये इथूनच जवळ, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. घरोघरी तीच चर्चा होती. आई ऐकायची, बोलायची काही नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने त्या इरकलीचा कुर्ता मागितला. आई म्हणाली, "ते नको. ते चांगलं नसतं." लेकीने हट्ट केला नाही, माझ्या आईच्या मांडीवर लुगडं पसरलं आणि काठावरची नक्षी विचारत बसली. आई काठावरून बोट फिरवत राहिली. तासाभराने म्हणाली, "काप. पण पदर ठेव."

तुमच्याकडेही असं लुगडं निघालं तर घाई करू नका. एका बैठकीत होकार येत नाही. कापडाला पुन्हा घडी घाला, वेगळ्या जागी घाला, जुनी घडी तिथेच चिरते. मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

आमचा कुर्ता तीन दिवसांत झाला. काठाच्या पट्ट्या बाहीला लावल्या. उरलेलं कापड घडी करत होते, तर आई मशीनपाशी आली. "त्यात माझं एक ब्लाउज बसेल का गं?"

बसलं. बाही कोपरापर्यंत, पुढे हुक, आणि माया दीड इंच.