विद्यापीठामुळे आसपासच्या गावाला खरंच किती मिळतं? हिशोब स्वतः कसा लावायचा

मोठी विद्यापीठं अधूनमधून एक गुळगुळीत रिपोर्ट काढतात, आमच्यामुळे परिसरात इतके अब्ज आले, इतक्या हजार नोकऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तोच आकडा हेडलाइन. तो खोटा असतो असं मी म्हणत नाही, पण तो बऱ्याचदा विद्यापीठानेच पैसे मोजून काढून घेतलेला असतो आणि त्यात एक प्रश्न सोयीस्करपणे गाळलेला असतो: विद्यापीठ इथे नसतंच, तर यातलं काय काय तरीही झालं असतं? तुम्ही कॉलेजचा प्रोजेक्ट करत असा, नगरसेवक असा, बातमीदार असा नाहीतर कॅम्पसच्या गेटसमोर गाळा घ्यायच्या विचारात असा, हा एक प्रश्न धरून बसलात तर साध्या एक्सेल शीटवर बऱ्यापैकी खरं चित्र काढता येतं.

पद्धत काही नवीन नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या तिथल्या कॉलेज-विद्यापीठांच्या संघटनेसाठी जॉन कॅफ्री आणि हर्बर्ट आयझॅक्स यांनी १९७१ मध्ये असा हिशोब कसा करायचा ते लिहून ठेवलं, आणि आजचे बरेचसे रिपोर्ट फिरून फिरून त्याच वाटेने जातात. मग २००७ मध्ये सिगफ्रीड, सँडरसन आणि मॅकहेन्री या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी असे रिपोर्ट तपासले तर काही ठिकाणी स्थानिक गुंतवणुकीवर वर्षाला १०० टक्क्यांहून जास्त परतावा निघत होता. एवढा परतावा मिळत असता तर लोकांनी सगळे धंदे सोडून विद्यापीठंच काढली असती ना.

आधी सीमा आखा

कुठल्या भागाचा हिशोब करताय ते कागदावर लिहा: वॉर्ड, शहर, जिल्हा की अख्खं राज्य. हे फालतू वाटतं पण निम्मी हातचलाखी इथेच होते. वर्तुळ मोठं केलं की खर्च झालेला पैसा आत जास्त फिरतो, पण बाहेरून आलेले विद्यार्थी कमी होतात, कारण शेजारच्या जिल्ह्यातला पोरगा आता 'आपलाच' झाला. वर्तुळ लहान केलं की उलटं. म्हणून बाहेरचे विद्यार्थी मोजताना शहर धरायचं आणि पैसा किती फिरला ते मोजताना राज्य धरायचं असं कुणी केलं असेल तर तो रिपोर्ट तिथेच बाजूला ठेवा.

पैसा आला कुठून ते बघा

सगळे जण कुठे खर्च झाला ते आधी बघतात. तसं करू नका. विद्यापीठाचा वार्षिक जमाखर्च बहुतेक ठिकाणी वेबसाइटवर असतो, त्यातली फक्त जमेची बाजू घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'बाहेरचा' की 'आतला' असं लिहीत जा. केंद्र सरकारचं अनुदान, बाहेरच्या संस्थांनी दिलेला रिसर्चचा पैसा, दुसरीकडून आलेल्या विद्यार्थ्यांची फी, लांबच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात बाहेरगावाहून येणारे पेशंट, हे सगळं बाहेरचं. गावातल्याच आईबापांनी भरलेली फी मात्र आतली, ती त्यांनी इथे भरली नसती तर गावातच दुसऱ्या कशावर तरी खर्च केली असती. यात एक अडचण आहे, गावातली जी मुलं इथे विद्यापीठ नसतं तर बाहेरगावी शिकायला गेली असती त्यांचा पैसा 'राहिलेला' म्हणून धरायला हरकत नाही, पण अशी मुलं किती ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. तिथे दोन आकडे लिहा, एक कंजूष आणि एक उदार, आणि पुढचा सगळा हिशोब दोन्ही धरून करा.

गळती

आता पगार. विद्यापीठाचा सगळ्यात मोठा खर्च साधारण पगाराचाच असतो आणि इथे एक गोष्ट मागून घ्या: पिनकोडनुसार कर्मचाऱ्यांची संख्या. नावं नकोत, पगारही नकोत, फक्त कुठल्या पिनकोडात किती लोक राहतात. सीनियर प्रोफेसर मंडळी पंचवीस किलोमीटरवरच्या मोठ्या शहरातून अप-डाउन करत असतील तर त्यांचा घरहप्ता, मुलांची शाळा, किराणा सगळं तिकडे, तुमच्या गावाला मिळतो फक्त दुपारचा चहा.

मग येतो तो फेमस गुणक, म्हणजे मल्टिप्लायर: गावात आलेला एक रुपया हातोहात फिरून एकूण किती रुपयांची कमाई करून देतो तो आकडा. कन्सल्टंट लोक हा २ किंवा त्याहून जास्त लावतात आणि कसा आला ते सांगत नाहीत. तुम्ही हातानेच करून बघा. गावात राहणाऱ्या माणसाला १०० पगार मिळाला, त्यातले ४० गावातल्या लोकांच्या खिशात गेले, त्यांनी त्यातले परत ४० टक्के म्हणजे १६ गावात घातले, मग ६.४, मग अडीचच्या आसपास, असं करत करत बेरीज साधारण १६७ वर थांबते. म्हणजे गुणक १.६७. आता ४० ऐवजी २० टक्केच गावात राहतात असं धरा, बेरीज १२५. लहान गावात हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो मला, कारण कर, विमा, ऑनलाइन खरेदी, मोबाइल रिचार्ज, पेट्रोल, सगळंच बाहेर जातं, आणि दुकानात जो माल विकला जातो तोही बाहेरूनच आलेला असतो, दुकानदाराकडे राहतं ते मार्जिन.

खरेदीचंही तसंच. टेंडरची यादी काढा आणि कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस कुठे आहे ते बघा. मेस, सिक्युरिटी, साफसफाई ही कामं मोठ्या कंपन्यांकडे असतील तर कामगारांचा पगार गावात राहतो, नफा हेड ऑफिसला जातो. बांधकाम तर वेगळ्याच रकान्यात ठेवा, ते दोन वर्षांत संपतं, दरवर्षीची कमाई म्हणून दाखवणं सरळसरळ चुकीचं.

भाडं: इथे जरा थांबा

भाड्याचं गणित लोक एका ओळीत उरकतात आणि गावातली बरीच भांडणं मात्र त्यावरून होतात, आज नाही, आठशे वर्षांपासून. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात पेटलं, बरेच मास्तर-विद्यार्थी गाव सोडून गेले, काही केंब्रिजला जाऊन बसले आणि तिथलं विद्यापीठ त्यातून उभं राहिलं. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तडजोड करून दिली तेव्हा गावावर घातलेल्या अटींमध्ये विद्यार्थ्यांच्या घरांची भाडी कमी करणं होतंच.

भाडं चढतं कसं ते साधं आहे. एक दोन बेडरूमचं घर आहे, एखादं कुटुंब त्याला महिना ३० देऊ शकतं. चार विद्यार्थी एकत्र आले, प्रत्येकाने फक्त १० दिले तरी मालकाला ४० मिळतात. विद्यार्थी श्रीमंत नाहीत, फक्त चार आहेत. मग कॅम्पसजवळची घरं एकेक करून पीजी होतात, कुटुंबं लांब सरकतात, मग लहान मुलांच्या शाळेत पट कमी होतो, वगैरे. हिशोबात हे लिहिताना मालकाला झालेला फायदा आणि भाडेकरूला बसलेला फटका एकमेकांतून वजा करून शून्य दाखवू नका. दोन वेगळे रकाने ठेवा, कारण ती दोन वेगळी माणसं आहेत. आणि मालक गावात राहतो का हेही बघा, तो दुसऱ्या शहरात बसून भाडं घेत असेल तर गावाकडे फक्त फटका उरला.

गाळा घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी खास: वर्ष बारा महिन्यांचं असतं, सेमिस्टर नाही. सुट्टीत धंदा किती पडतो हे दुकानदार सरळ सांगत नाहीत, त्यापेक्षा पालिकेकडून वॉर्डनिहाय कचऱ्याचं महिन्याचं वजन किंवा पाण्याच्या वापराचे आकडे मिळतात का बघा, सुट्टीचा महिना आणि परीक्षेच्या आधीचा महिना शेजारी ठेवले की किती माणूस येतो-जातो ते लगेच कळतं. २०२० मध्ये मार्चनंतर जगभरचे कॅम्पस एकदम रिकामे झाले, तेव्हाचे आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण 'विद्यापीठ नसतं तर' याच्या इतकं जवळ दुसरं काही मिळणार नाही. अर्थात तेव्हा बाकीचंही सगळं बंद होतं, त्यामुळे विद्यापीठ नसलेल्या शेजारच्या गावाचे त्याच महिन्यांचे आकडे सोबत ठेवून फरक काढा.

टॅक्स

हे पटकन सांगतो. पुष्कळ देशांत विद्यापीठाच्या इमारतींना मालमत्ता करात पूर्ण किंवा मोठी सूट असते, पण रस्ते, पाणी, फायर ब्रिगेड तर लागतंच. मग ते पैसे बाकीचे गावकरी भरतात. अमेरिकेत यावर तोडगा म्हणून विद्यापीठं ऐच्छिक रक्कम देतात. बॉस्टन शहर मोठ्या करमुक्त संस्थांकडे, पूर्ण कर लागला असता तर जेवढा झाला असता त्याच्या २५ टक्के मागतं आणि त्यातला निम्मा भाग लोकोपयोगी कामांच्या रूपात चालतो. येल विद्यापीठाने २०२१ मध्ये ते ज्या शहरात आहे त्या न्यू हेवनला सहा वर्षांत मिळून सुमारे १३.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तुमच्या हिशोबात खर्चाच्या बाजूला माफ झालेला कर लिहा आणि जमेच्या बाजूला अशी काही रक्कम येत असेल तर ती.

जे मोजायला अवघड तेच मोठं

इथपर्यंतचं सगळं म्हणजे खर्च. माझं स्पष्ट मत आहे की खर्च मोजायला सोपा म्हणून सगळे तोच मोजतात, आणि लांब पल्ल्याचा खरा फायदा दुसरीकडेच असतो. अॅना वलेरो आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी ७८ देशांतली जवळपास १५,००० विद्यापीठं घेऊन बघितलं, एखाद्या प्रदेशात विद्यापीठांची संख्या १० टक्क्यांनी वाढली की पुढे तिथलं दरडोई उत्पन्न साधारण ०.४ टक्क्यांनी जास्त दिसतं. आकडा लहान आहे, पण त्यांनी हेही दाखवलं की हा परिणाम नुसत्या विद्यापीठाच्या, स्टाफच्या आणि विद्यार्थ्यांच्या खर्चातून येत नाही, शिकलेली माणसं आणि नवे शोध यांचा त्यात वाटा आहे.

म्हणून पुढचा रकाना: पास झालेली मुलं जातात कुठे? लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून सध्याचं ठिकाण बघितलं तरी अंदाज येतो (सगळे तिथे नसतात, शिक्षक आणि नर्स तर फारच कमी, तेवढं लक्षात ठेवा). नॉर्वेचं ट्रॉम्सो विद्यापीठ याचं मस्त उदाहरण आहे, १९६८ मध्ये ते काढायचं ठरलं त्यामागे एक मोठं कारण असं की उत्तर नॉर्वेत डॉक्टर टिकत नव्हते, तर तिथेच शिकवा म्हणजे तिथेच राहतील, आणि बरेच राहिलेही. आणि फायदा फक्त शिकलेल्यांनाच होतो असंही नाही. अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेट्टी यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या शहरांवर काम केलं, शहरात दर शंभर माणसांमागे एक पदवीधर वाढला की शाळा अर्धवट सोडलेल्यांचा पगार १.९ टक्क्यांनी वाढतो, आणि पदवीधरांचा स्वतःचा फक्त ०.४ टक्क्याने. पण मुलं डिग्री घेऊन दुसऱ्या दिवशी ट्रेन पकडत असतील तर हा रकाना जवळपास रिकामाच ठेवा.

स्टार्टअपच्या नावाने मात्र हुरळून जाऊ नका. प्रत्येक कुलगुरूच्या भाषणात कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ येतंच. स्टॅनफर्डला जमीन विकायची मनाई होती, म्हणून त्यांनी १९५१ मध्ये ती कंपन्यांना भाड्याने द्यायला इंडस्ट्रियल पार्क काढलं, फ्रेडरिक टर्मनसारखा इंजिनीअरिंगचा डीन मागे होता, वरून संरक्षण खात्याचा पैसा होता. गुगलला वापरायला दिलेल्या पेटंटच्या बदल्यात मिळालेले शेअर स्टॅनफर्डने पुढे ३३.६ कोटी डॉलरला विकले हेही खरं, पण असा लॉटरीचा नंबर बहुतेक विद्यापीठांना कधीच लागत नाही. तुम्ही एवढंच बघा की विद्यापीठातून निघालेल्या किती कंपन्या पाच वर्षांनंतर त्याच गावात आहेत आणि किती माणसं कामाला आहेत.

शेवटी जोडी शोधा

आता 'नसतं तर' चं उत्तर. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे असं गाव शोधायचं जिथे विद्यापीठ होता होता राहिलं. अर्थशास्त्रज्ञ मायकल अँड्र्यूज यांनी अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांसाठी हेच केलं, जिंकलेली गावं आणि शेवटच्या फेरीत हरलेली गावं, आणि जिंकलेल्या गावांत पेटंट बरीच जास्त निघाली. गंमत म्हणजे ती पेटंट मुख्यतः तिथल्या प्राध्यापकांची किंवा माजी विद्यार्थ्यांची नव्हती, बाकीच्यांचीच जास्त होती.

पण जोडी लावतानाही डोकं जागेवर ठेवा. १८८५ मध्ये अॅरिझोनात टूसानला २५,००० डॉलरचं विद्यापीठ मिळालं आणि फिनिक्सला १,००,००० डॉलरचं मनोरुग्णालय. टूसानचे लोक चिडले, त्यांना राजधानी हवी होती, विद्यापीठ कुणाला पाहिजे होतं! जमीन द्यायला कुणी पुढे येईना, शेवटी दोन जुगारी आणि एका दारूच्या गुत्तेवाल्याने ४० एकर दिली. आज ते विद्यापीठ टूसानच्या मोठ्या रोजगारदारांपैकी एक आहे, तरी फिनिक्स टूसानपेक्षा कितीतरी मोठं झालं, कारण १८८९ मध्ये राजधानी तिकडे गेली आणि पाणी, रेल्वे अशी इतर कारणंही होती. म्हणून एकच जोडी घेऊन निकाल देऊ नका, तीन-चार गावं घ्या.

रिपोर्ट लिहिताना एक मोठा आकडा देऊ नका, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं द्या, आणि खाली कुठली सीमा धरली, कुठला गुणक धरला, स्थानिक मुलांचं काय केलं हे चार ओळींत लिहा. आणि विद्यापीठाच्या लोकांसमोर बसायची वेळ आली तर अब्जांवर वाद घालत बसू नका, त्यापेक्षा गावातल्या लहान सप्लायरचं बिल किती दिवसांत निघतं आणि पुढच्या वर्षी वाढणाऱ्या सीट्ससाठी हॉस्टेलचे किती बेड वाढणार आहेत, ते विचारा.